सुधारलेला गुन्हेगार जातो कुठे? : ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘उचल्या’

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या सभागृहात व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ पुन्हा एकदा दाखवण्यात आला. पडद्यावर प्रार्थना सुरू होताच मागच्या रांगांतून तिला सूर मिळू लागले, हे सांगायला नकोच. ती प्रार्थना शाळेत म्हणत वाढलेल्यांचीच सभागृहात बहुसंख्या होती. नंतर चहाच्या वेळी न्यायखात्यात उभी हयात घालवलेले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “चित्रपट म्हणून उत्तमच. पण असा जेलर लाखात एक. बाकीच्या तुरुंगांचे काय करायचे? जो सुटून आल्यावर पुन्हा चोरी करतो त्याला भीतीच घातली पाहिजे.” कोणी प्रतिवाद केला नाही. मीही केला नाही. घरी परतल्यावर मात्र वाटत राहिले की, काकांचे ते उद्गार चित्रपटाच्या विरोधात नव्हतेच. चित्रपटाने दोन-सव्वादोन तास आपल्याला जे पटवून दिले, त्याचाच तो सरळ निष्कर्ष होता. गुन्हेगाराचे सुधारणे हा एखाद्या थोर पुरुषाच्या दृष्टीचा प्रभाव असेल, तर जिथे असा पुरुष नाही तिथे दंडुक्याखेरीज दुसरे काय उरते?

हा चित्रपट १९५७ सालचा. कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचे. त्या वर्षीचे राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले आणि पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वलही. आदिनाथ हा तरुण तुरुंगाधिकारी खुनाच्या गुन्ह्यातील सहा कैद्यांना आपल्या जबाबदारीवर तुरुंगाबाहेर नेतो. एका उजाड माळावर त्यांच्याकडून शेती करवून घेतो. बेड्या नाहीत, पहारा नाही. आहेत ते त्याचे डोळे. ते त्यांना रोखतात, परत आणतात, आणि शेवटी आदिनाथ गेल्यावरही पाठ सोडत नाहीत. चित्रपटाचे नावच हे गणित मांडून दाखवते. हात बारा असले तरी डोळे दोनच, आणि ते एकाच माणसाचे.

या कथेला आपल्याकडे एक जुना साचा आहे आणि तो प्रेक्षकाच्या मनात आधीच तयार असतो. तो म्हणजे वाल्या कोळ्याचा. रानात वाट अडवणारा लुटारू, त्याला भेटलेला नारद, आणि त्या एका भेटीत आयुष्याला मिळालेले वळण. शांतारामबापूंनी नारदाला खाकी गणवेश चढवला, एवढाच फरक. परंतु वाल्याच्या कथेत एक प्रश्न आहे, त्याकडे आपण कीर्तनातही घाईनेच पाहतो. नारद त्याला घरी पाठवतो आणि बायकामुलांना विचारायला सांगतो की, माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात का? घरचे नाही म्हणतात. त्या नकारानंतर वाल्या एकटा होतो आणि त्या एकटेपणातच त्याची तपश्चर्या सुरू होते. सुधारणा म्हणजे संसारातून तुटणे, हे समीकरण त्या कथेने आपल्या मनात रुजवले. चित्रपटाचे सहा कैदीही असेच जगापासून तुटलेल्या माळावर नेले जातात.

मात्र ज्या हकिकतीवरून हा चित्रपट स्फुरला, तिच्यात नेमके याच्या उलट घडले होते.

औंध संस्थानच्या आटपाडी महालात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, १९३९ साली ‘स्वतंत्रपूर’ नावाची वसाहत उभी राहिली. त्याच वर्षी राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेले हे राजेसाहेब व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तल्या तालमीच्या प्रसंगामुळे आपल्या वाचकांच्या ओळखीचे आहेत. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन (आपल्याकडे त्यांनी ‘भारतानंद’ हे नाव घेतले, आणि पुढे मुंबईतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत जगापुढे आणली ती याच गृहस्थांनी) यांनी कैद्यांना तुरुंगाच्या भिंतीबाहेर ठेवण्याचा प्रयोग मांडला. गदिमा स्वतः त्याच मुलखात जन्मले आणि औंधला शिकले. माणदेशाची कोरडी जमीन आणि तिथली विहीर म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागले नव्हते.

स्वतंत्रपुरात कैदी राहत तो बायकामुलांसह. त्याला जमीन कसायला मिळे, बिऱ्हाड करायला घर मिळे, आणि हंगाम संपल्यावर हातात आलेल्या धान्याचा हिशेब त्याच्या घरचेच करीत. ही वसाहत पुढे महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आली आणि खुली वसाहत म्हणून चालू राहिली. वाल्याच्या बायकोने जे नाकारले ते स्वतंत्रपूरच्या बायकांनी पत्करले. नवऱ्याच्या शिक्षेत त्या वाटेकरी झाल्या, आणि त्याच वाटणीने त्याला पळून जाण्यापासून रोखले. पळून जाणार तरी कुठे? पळायचे ते घराकडे, आणि घर तर इथेच आहे! जेलरच्या डोळ्यांपेक्षा चुलीवरची भाकरी अधिक जागता पहारा देते, ही साधी गोष्ट औंधकरांना उमगली होती. चित्रपटाने ती पडद्याच्या कडेला सारली आणि मधोमध डोळे ठेवले. कलाकृती म्हणून त्यात दोष काढण्याचे कारण नाही. डोळ्यांचे जसे समीपदृश्य होते तसे भाकरीचे होत नाही. परंतु प्रयोगाचे यश म्हणून आपण जे चित्रपटातून शिकलो, ते मूळ प्रयोगाचे यश नव्हतेच, एवढे तरी आपण मनाशी नोंदवायला हवे.

चित्रपटावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. त्यात एक धागा असा आहे की तिथे शांताराम आपल्याच साच्याच्या बाहेर पडतात. कैद्यांनी पिकवलेला भाजीपाला बाजारात जातो. भाव रास्त असल्याने गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळते आणि बाजार मुठीत ठेवणारा व्यापारी खवळतो. तो गुंड पाठवतो. पूर्वी ज्यांनी खून केले ते हात आता मार खातात आणि उलटत नाहीत. येथे पहिल्यांदाच चित्रपट विचारू लागतो की, माणूस बदलला तरी बाजार त्याला बसायला जागा देतो का? सुधारलेल्या माणसाचा खरा शत्रू त्याची जुनी वासना नसून त्याच्या सुधारण्याने ज्याचे नुकसान होते तो आहे, हा विचार किती पुढचा होता! पण दार किलकिले करून चित्रपट ते लगेच लोटून घेतो. शेतावर बैल सोडले जातात, आदिनाथ प्राण वेचतो, आणि बाजाराचा प्रश्न हौतात्म्यात विरून जातो. त्या प्रसंगाच्या चित्रणात शांतारामबापूंच्या स्वतःच्या डोळ्यांना इजा झाली, हे आपण सर्वांनी इतके ऐकले आहे की तो योगायोगही आता चित्रपटाचाच भाग वाटतो. हुतात्म्यापुढे माणूस नमस्कार करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी कुठे विकायची, हे त्याच्यापुढे कोणी विचारत नाही.

आम्हा ग्वाल्हेरकरांना ही दुसरी सकाळ पुस्तकातून समजून घ्यावी लागत नाही. चंबळ आमच्या उशाशी आहे. चित्रपटानंतर तीनच वर्षांनी, मे १९६० मध्ये, विनोबाजी भिंड-मुरैनाच्या बेहडांत पायी फिरले. बडोद्याच्या वाचकांना सांगायला नको की त्यांचे शालेय आयुष्य त्याच शहरात गेले होते. मानसिंगाच्या मुलाने, तहसीलदारसिंगाने, फाशीच्या छायेत नैनी तुरुंगातून त्यांना पत्र पाठवले होते. त्यांच्यापुढे वीसेक बागी शरण आले, बंदुका खाली ठेवल्या गेल्या, आणि देशभर हृदयपरिवर्तनाचा जयघोष झाला. मध्य प्रदेशचे तत्कालीन पोलीस महानिरीक्षक के. एफ. रुस्तमजी यांनी मात्र उघड नापसंती दर्शवली. दरोडेखोराला नायक केले की त्याच्याशी लढून मेलेल्या शिपायाचे काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. लहानपणी आमच्या घरात या विषयावर दोन तट होते. आजोबा विनोबांच्या बाजूचे आणि पोलिसांत असलेले मामा अर्थातच रुस्तमजींच्या. दोघांचेही बोलणे एकाच ठिकाणी अडे. शरण आलेला माणूस उद्या खाणार काय आणि राहणार कुणाच्या शेजारी, याचे उत्तर दोघांकडेही नसे. ज्याच्या घरचा माणूस त्याने मारला, ते घर तर त्याच गावात होते.

बारा वर्षांनी, १९७२ च्या एप्रिलात, जौऱ्याला जयप्रकाशजींपुढे जे शस्त्रसमर्पण झाले त्यात या प्रश्नाची जाण दिसते. माधोसिंग वेष पालटून, रामसिंग ठेकेदार या नावाने पाटण्याला जयप्रकाशजींच्या घरी जाऊन पोहोचला, ही हकिकत प्रसिद्धच आहे. तो आधी पवनारला विनोबांकडे गेला होता आणि त्यांनी त्याला पाटण्याची वाट दाखवली होती. या वेळी नुसती प्रार्थना नव्हती, बोलणी होती. फाशी होणार नाही, घरच्यांना संरक्षण मिळेल, जमिनीची व मुलांच्या शिक्षणाची सोय होईल, यावर घासाघीस झाली. खटले रीतसर चालले, शिक्षा झाल्या, आणि पुढे मुंगावलीला त्यांच्यासाठी खुला तुरुंग निघाला. म्हणून चंबळ शांत झाली असे मुळीच नाही. टोळ्या नंतरही झाल्या, आणि १९८३ मध्ये भिंडला आणखी एक गाजलेले समर्पण आपण पाहिले. पण बहात्तर सालच्या मंडळींपैकी अनेकांनी गावात म्हातारपण काढले. त्यांच्या म्हातारपणामागे कोणाची दृष्टी होती त्यापेक्षा कोणती कलमे होती, हे पाहणे मला अधिक उद्बोधक वाटते.

इथवर बोलण्यात आलेले सगळे खुनी आणि दरोडेखोर आहेत, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. आपल्या ज्येष्ठ सदस्यांची तक्रार त्यांच्याविषयी नव्हतीच. ती होती पुन्हा पुन्हा चोरी करणाऱ्याविषयी. येथे आपल्या व्यवस्थेतली एक विचित्र गोष्ट पुढे येते. रागाच्या वा वैराच्या भरात एकदा खून केलेला माणूस जन्मठेपेची वर्षे काढून बाहेर आला, तर सहसा दुसरा खून करीत नाही. तुरुंगाचे अधिकारी हे अनुभवाने जाणतात. म्हणूनच खुल्या तुरुंगासाठी निवड होते ती मुख्यत्वे दीर्घ मुदतीच्या, वर्तन चांगले असलेल्या कैद्यांची. ‘सराईत’ असा शिक्का ज्याच्यावर आहे त्याला बहुतेक राज्यांच्या नियमांनी हे दार बंदच ठेवले आहे. म्हणजे पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता ज्याची सर्वांत कमी त्याला शेती, घर आणि बायकामुले. आणि शक्यता ज्याची सर्वांत जास्त त्याला उंच भिंत. औषध निरोग्याला आणि पथ्य रोग्याला, असा हा प्रकार झाला. आदिनाथाने सहा खुनी निवडले, तेव्हा त्याने त्यातल्या त्यात सोपे सहा निवडले होते, असे म्हटले तर भाविक प्रेक्षकाला राग येईल. पण सहा पाकीटमार घेऊन तो त्या माळावर गेला असता, तर चित्रपट कसा झाला असता?

या प्रश्नाचे उत्तर मराठीत एका पुस्तकाने दिले आहे. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लातूरजवळच्या धनेगावचे हे आत्मकथन. ‘उचल्या’ या शब्दातच धंदा आणि जात एकमेकांत विरघळलेली आहेत, कारण ज्या समाजात लेखक जन्मला त्याला सरकारने जन्मानेच चोर ठरवले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ती सोय केली, पुढच्या दुरुस्त्यांनी तो इतरत्र पसरवला. १९५२ च्या ऑगस्टअखेर तो रद्द झाला तरी त्याची जागा घेणारे सराईत गुन्हेगारांचे कायदे राज्याराज्यांतून तयारच होते. मुंबई राज्याचा १९५९ चा आहे. आजोबाने गावाबाहेर जायचे तर हजेरी आणि परवानगी, ही गोष्ट गायकवाडांच्या घरात पिढीजात होती.

या पुस्तकावर पुष्कळ लिहिले गेले, पण बहुतेक लिखाण करुणेच्या किंवा विद्रोहाच्या अंगाने गेले. शिक्षाशास्त्रावरचा एक कठोर प्रबंध म्हणून ते कोणी वाचल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्यातला एकच तपशील घेतो. चोरीच्या धंद्यात घालायच्या पोरांना घरचेच मारतात. पोलिसांच्या हाती लागल्यावर ते पोर मार सोसेल आणि साथीदारांची नावे सांगणार नाही, एवढ्यासाठी हा मार. मारणारे घरचे आहेत, त्यांना पोराविषयी माया आहे, आणि तरी ते मारतात, कारण मार खाण्याची ताकद ही या धंद्याची पहिली पायरी आहे.

शिक्षेच्या धाकाची सगळी उपपत्ती या एका तपशिलापाशी कोसळते. बेक्कारियाने १७६४ मध्येच म्हटले होते की, गुन्हा रोखण्याचे सामर्थ्य शिक्षेच्या क्रौर्यात नसून तिच्या निश्चितीत असते. उचल्यांच्या वस्तीत शिक्षा तर अगदी निश्चित होती! चोरी केली तरी मार, न केली तरी मार. चोरी आपल्या पोराने केली की दुसऱ्या कोणी, याची पर्वा न करता झाडाझडती यायची, आणि हप्ता पोहोचला की जायची. शिक्षेचा गुन्ह्याशी असलेला संबंधच जिथे तुटला, तिथे ती शिक्षा राहत नाही. ती ऋतुमानासारखी होते. पावसाळ्याला घाबरून कोणी शेती सोडत नाही, छपराची डागडुजी करतो. घरच्या माराने पोराची पाठ तयार करणे ही तीच डागडुजी. पोलिसी धाकाने या मुलांना चोरीपासून रोखले नाही, उलट त्यांचे प्रशिक्षण अधिक काटेकोर केले. चित्रपटातले डोळे आणि वस्तीतला दंडुका ही परस्परविरुद्ध टोके मानण्याची आपल्याला सवय आहे. एक समान गोष्ट त्यांत आहे. दोन्हींत गुन्हेगार हा केवळ पाहिला जाणारा आहे, एकाच्या दृष्टीने पावन होणारा आणि दुसऱ्याच्या दृष्टीने कायमचा हेरलेला.

‘उचल्या’त चक्र मोडते ते वेगळ्याच ठिकाणी. लेखकाचे वडील मुलाला शाळेत घालतात. तिथे कोणी आदिनाथ येत नाही, भजन होत नाही. शाळेत पाऊल टाकणारा तो वस्तीतला पहिलाच, आणि वस्तीला ते मानवत नाही. पोरे आजारी पडली तर दोष या शिकणाऱ्या मुलावर येतो. नंतर गिरणीतली नोकरी, युनियन, मोर्चे. पुस्तकाचा हा उत्तरार्ध पहिल्या भागाइतका जिवंत नाही, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावे. सभा-समित्यांच्या नोंदींत निवेदन पुष्कळदा सपाट होते. पण विषयाच्या दृष्टीने तोच भाग मोलाचा आहे. चोरी सोडलेल्या माणसाला महिनाअखेर पगार कुठून मिळतो आणि तो पगार कुठे-कुठे थांबवला जातो, याचा एवढा तपशीलवार हिशेब ‘दो आँखें’च्या कर्त्यांना सुचलाही नव्हता. नाट्य कमी आहे, कारण सुधारणेत नाट्य थोडेच असते.

बेळगावच्या आपल्या वाचकांना याच संदर्भात भीमराव गस्तींचे ‘बेरड’ आठवेल. बेळगावलगतच्या यमनापूरचे गस्ती २०१७ साली निवर्तले. गावात वा आसपास चोरी झाली की आधी बेरडांच्या वस्तीत गाडी शिरायची, हा अनुभव त्यांच्या पुस्तकाचा कणा आहे. सीमेच्या या बाजूला कन्नड शिपाई असो वा त्या बाजूला मराठी, बेरडाच्या पाठीला भाषेचा फरक कळला नाही, हे आपल्या सीमावादात आपण फारसे बोलत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत त्यात लक्षणीय बदल झाला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. पाच हजार रुपयांच्या आतली चोरी, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली, अशा वेळी तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा तिच्यात सांगितली आहे. आपल्या कायद्यात ही नवी आणि स्वागतार्ह गोष्ट. त्याच कलमात दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला किमान एक वर्षाची सक्तमजुरी आहे, कमाल पाच वर्षे. जुन्या दंडसंहितेच्या पंचाहत्तराव्या कलमाचा वारसाही तेराव्या कलमात कायम आहे. पहिल्या खेपेला ममता आणि दुसऱ्या खेपेला जरब, ही विभागणी वरवर अगदी न्याय्य वाटते. परंतु दुसरी खेप कोणाची लवकर मोजली जाते? ज्याच्या घराची वाट पोलिसांना पाठ आहे त्याची. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवला. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये याची खबरदारी घेण्याचे पोलिसांना बजावले. १९५२ नंतर ७२ वर्षांनी हे बजवावे लागले!

हे सगळे तटस्थपणे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, याविषयी मी साशंक आहे. म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. साधारण चाळीस वर्षांपूर्वी आमच्या वाड्यातून पूजेची चांदीची पंचपात्री, ताम्हन आणि निरांजने नाहीशी झाली. त्या आठवड्यात कल्हईवाला अंगणात येऊन बसला होता. तो पूर्वी कधीतरी तांब्याच्या तारेच्या चोरीत सहा महिने आत जाऊन आलेला आहे, हे गल्लीत सर्वांना ठाऊक होते. भात्याची हवा कमी पडली की तो माझ्या धाकट्या भावाला साखळी ओढायला देई, म्हणून भावाचा तो लाडका. पोलिसांनी “कोणावर संशय?” असे विचारले तेव्हा वडील घुटमळले. त्याचे नाव मी सांगितले. मी तेव्हा नुकताच पदवीधर झालो होतो, आणि ‘दो आँखें बारह हाथ’ तोवर दोनदा पाहिला होता. त्याला चार दिवस ठाण्यात बसवून ठेवले. अडीच महिन्यांनी गव्हाची कोठी रिकामी करताना आत्याने जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेले सगळे सामान तळाशी सापडले. गावाला जाताना तिनेच ते तिथे ठेवले होते आणि विसरली होती. आम्ही ठाण्यात तसे कळवले. तिथे कोणीतरी मान हलवली. कल्हईवाला आमच्या गल्लीत पुन्हा आला नाही. आई दोन-तीनदा म्हणाली, “त्याला बोलावून घ्या रे, भांडी तशीच पडली आहेत.” कोणी गेले नाही. पुढे स्टीलची भांडी आली आणि तो विषय संपला.

तो माणूस त्यापूर्वी एकदा शिक्षा भोगून, धंदा शिकून, दारोदार भाता घेऊन फिरत होता. आपण ज्याला पुनर्वसन म्हणतो ते त्याने कोणाच्याही मदतीवाचून साधले होते. आमच्या दारात त्याचे जे झाले, ते ‘उचल्या’च्या अनेक पानांवर अनेक नावांनी लिहिलेले आहे. मी ते पुस्तक त्या प्रसंगानंतर काही वर्षांनी वाचले आणि मध्येच मिटून ठेवले होते. पूर्ण वाचले ते यंदा, चित्रपटाच्या प्रयोगानंतर.

आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात ‘उचल्या’ची एकच प्रत आहे. तिची पुठ्ठ्याची बांधणी सुटली आहे, पाने मात्र सगळी आहेत. ‘बेरड’ नाही, ते मला बेळगावच्या एका स्नेह्यांनी पाठवले. ग्रंथखरेदी समितीने दोन्हींचा विचार करावा, आणि चहाच्या वेळी बोललेल्या आमच्या ज्येष्ठांनी पहिली प्रत न्यावी, अशी त्यांना माझी विनंती आहे. त्यांचे मत मला पुढच्या अंकात वाचायला आवडेल.